सेंटर स्पीकर

सेंटर स्पीकर : होम थिएटरच्या संचात पडद्याच्या बरोबर मध्यावर, त्याच्या खाली किंवा वर ठेवायचा स्पीकर. चित्रपटातील पात्रांचे बोलणे बहुतेक सगळे याच्यातूनच ऐकू येते. प्रचारातल्या ५.१ संचात डावा, मधला, उजवा, प्रेक्षकांच्या बाजूचे वा मागचे दोन आणि केवळ खर्जासाठी एक सबवूफर असे स्पीकर असतात. त्यांत सर्वांत जास्त काम मधल्याला पडते आणि खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. ‘गाणी दणदणीत वाजतात, पण बोललेले कळत नाही’ ही घरोघरची तक्रार बहुतेकदा याच दुर्लक्षातून आलेली असते.

आवाज जिथे उमटतो तिथूनच तो आला पाहिजे, ही गोष्ट पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, सूर्यमाळच्या पठाराभोवतीच्या पाड्यांवर तारपा नाच पाहणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा असे तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाजवणारा मध्ये असतो. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती वेढा घेतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. वाजवणारा वळला की फेरही वळतो. वेढ्यात कोणी कुठेही असो, सूर मधूनच येतो. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलले की शब्दही तिथूनच यावा, कोपऱ्यात बसलेल्यालाही तो तिथूनच ऐकू यावा, एवढ्यासाठी सेंटर स्पीकर असतो.

डाव्या-उजव्या दोन स्पीकरांनीही मध्याचा आभास निर्माण करता येतो. दोन्हींतून एकसारखा आवाज आला की कानाला तो मधून आल्यासारखा वाटतो. मात्र हा आभास नेमक्या मध्यावर बसलेल्या एकट्यापुरताच टिकतो. सरकून सतरंजीच्या टोकाला बसले की आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. शिवाय प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकरांचा आवाज किंचित पुढेमागे पोहोचतो, त्यामुळे २,००० हर्ट्‌झच्या आसपास एक खळगा पडतो. बोलण्यातली स्पष्टता याच भागात असते. घरात सिनेमा एकटा माणूस पाहत नाही, सात-आठ जण दाटीवाटीने पाहतात, म्हणून खरा मधला स्पीकर लागतो.

ही जाणीव जुनी आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले, तेव्हा डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या वापरल्या होत्या. चित्रपटगृहांत १९५३ च्या ‘द रोब’पासून, म्हणजे सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीबरोबर, पडद्यामागचा मधला स्पीकर रूढ झाला. घरात तो आला तो १९८७ मधील डॉल्बी प्रो लॉजिक या दोन वाहिन्यांतून मधली वाहिनी वेगळी काढणाऱ्या पद्धतीमुळे.

मराठी प्रेक्षकासाठी या स्पीकरचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते, आणि ते कारण क्वचितच सांगितले जाते. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६), व्ही. शांतारामांचा ‘माणूस’ (१९३९) आणि पुढची कित्येक दशके निघालेले बहुसंख्य मराठी चित्रपट एकाच वाहिनीच्या ध्वनीचे आहेत. असा चित्रपट लावला की डाव्या आणि उजव्या वाहिनीत हुबेहूब एकच आवाज येतो. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणारे यंत्र, साध्या स्टिरिओवर न ठेवता प्रो लॉजिक किंवा त्यासारख्या पद्धतीवर ठेवला, तर तो हा समान आवाज ओळखतो आणि जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरकडे पाठवतो. म्हणजे तुकारामाचा अभंग, त्याचे बोलणे, पार्श्वसंगीत हे सारे एकटा सेंटर स्पीकर वाजवतो. विष्णुपंत दामले हे प्रभातच्या ध्वनिमुद्रणाचेही सूत्रधार होते. त्यांनी टिपलेला शब्द आज घरात कसा पोहोचेल हे या एका पेटीवर ठरते. ज्या घरात जुने बोलपट पाहिले जातात, तिथे सेंटर स्पीकर आधी निवडावा आणि बाकीचे त्याला जुळवून घ्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

निवड : पहिली कसोटी शब्दाची. स्वरांचा जोर खालच्या आणि मधल्या कंप्रतांत असतो, तर श, स, च, ज, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख २,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात पटते. मराठीत तर च आणि ज यांचे तालव्य आणि दंत्य असे दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. दुनिया या अर्थाचे ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा करणारे ‘जग’ यांतला ज वेगळा. चांगल्या स्पीकरमधून हा फरक पहिल्याच ऐकण्यात कळतो, मंद स्पीकरमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळतात. दुकानात स्फोटांचे आणि मोटारींच्या पाठलागांचे प्रसंग लावून दाखवतात; त्यांवरून सेंटर स्पीकरची परीक्षा होत नाही.

दुसरी कसोटी रचनेची. बाजारातले बहुसंख्य सेंटर स्पीकर आडवे असतात : खालच्या सुरांचे दोन वूफर आणि मध्ये वरच्या सुरांचा ट्वीटर. टीव्हीखाली मावावा म्हणून हा आकार आला. ध्वनीच्या दृष्टीने तो तडजोडीचा आहे. दोन वूफरांच्या केंद्रांत २५ सेंमी. अंतर असेल आणि प्रेक्षक ३० अंश बाजूला बसला असेल, तर लांबच्या वूफरचा आवाज त्याच्याकडे येताना १२.५ सेंमी. जास्त वाट चालतो. सुमारे १,३७० हर्ट्‌झच्या ध्वनीची ही अर्धी तरंगलांबी आहे, म्हणून तिथे दोन्ही वूफरांचे आवाज एकमेकांना मारतात. मध्यावर बसलेल्याला सगळे ठीक वाटते आणि कडेला बसलेली आजी ‘काय म्हणाला?’ असे विचारत राहते. यावर उपाय म्हणजे तीन भागांचा स्पीकर : दोन वूफरांच्या मध्ये ट्वीटर आणि त्याच्या खाली वा वर बोलण्याच्या पट्ट्यासाठी स्वतंत्र छोटा मिडरेंज. तो परवडत नसेल तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा उभा बुकशेल्फ स्पीकर मध्ये ठेवणे हे आडव्या पेटीपेक्षा सरस ठरते.

तिसरी कसोटी जुळणीची. पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे बोलत गेला तर त्याचा आवाज वाटेत बदलता कामा नये. म्हणून पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले असावेत. संवेदनशीलताही पाहावी : ती ३ डेसिबलने कमी असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते. ४ ओहमचा स्पीकर रिसीव्हरला चालतो का, हे माहितीपत्रकात आधी वाचावे.

बदल करण्यापूर्वी : नवा स्पीकर घेण्याआधी जुन्याची जागा बदलून पाहावी, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. स्पीकर कपाटाच्या खणात आत ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढावा, खाली रबराचे पाय लावावेत आणि तोंड बसलेल्यांच्या कानांकडे तिरपे करावे. त्यानंतर रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर नीट भरावे, सगळ्यांची पातळी चाचणीच्या आवाजावर सारखी करावी आणि ८० हर्ट्‌झखालचा खर्ज सबवूफरकडे वळवावा. एवढे करूनही बोलणे दबत असेल तर फक्त मधली वाहिनी २-३ डेसिबल वाढवावी. यातून काही साधले नाही, तरच खर्च करावा.

सूर्यमाळसारख्या ठिकाणी खोली आणि हवा यांचाही हिशेब करावा लागतो. कारवीच्या कुडाची, शेणमातीने सारवलेली भिंत सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीइतका आवाज परतवत नाही, त्यामुळे अशा घरात शब्द चांगला समजतो. खर्ज मात्र भिंतीतून बाहेर जातो. याउलट उघड्या भिंती, फरशी आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या शाळेच्या सभागृहात घुमणारा आवाज हा खरा अडथळा असतो. तिथे महागडा स्पीकर आणण्यापेक्षा जाड पडदे आणि सतरंज्या आधी आणाव्यात. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की त्यांचा एकसंध आवाज नेमका व्यंजनांवर पसरतो. सगळा संच मोठा केल्याने गोंगाटच वाढतो. मधली वाहिनी वाढवणे हाच तेव्हा उपाय. दमट हवेत भुशाच्या दाबलेल्या फळीची पेटी फुगते आणि शंकूभोवतीची फोमची कड काही वर्षांत कुजून तुटते. म्हणून कड रबराची आणि पेटी सर्व बाजूंनी नीट मढवलेली घ्यावी. विजा कडाडू लागल्या की संचाचा प्लग काढून ठेवावा.

खरेदीला जाताना ओळखीचा एखादा जुना मराठी बोलपट सोबत न्यावा, दुकानात मधल्या खुर्चीवर न बसता कडेच्या खुर्चीवर बसावे आणि डोळे मिटून संवाद ऐकावेत. तिथे बसूनही प्रत्येक शब्द समजला, तर तो स्पीकर घ्यावा.