पिचरच्या मोलाचा वाद

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम शरद ऋतूत संपतो आणि चर्चेचा सुरू होतो. पूर्वी हिवाळ्यात दुकानातल्या शेगडीभोवती कोंडाळे करून लोक पुढच्या वर्षी आपला संघ कुठवर जाईल याचे आडाखे बांधत. या बैठकांना ‘हॉट स्टोव्ह लीग’ हे नाव पडले. शेगड्या गेल्या तरी ते टिकले. तिथे हमखास वाद पेटतो तो पिचरवरून, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजावरून. हल्लीच्या 162 सामन्यांच्या मोसमात सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या वाट्याला जेमतेम 32-33 सामने येतात, पण त्या दिवशी खेळाची सूत्रे त्याच्याच हाती असतात. संघ जिंकला तर श्रेय त्याचे किती, हा खरा तंटा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा तंटा फारसा नव्हता, कारण पिचर म्हणजे जवळजवळ संघच. 1884 मध्ये प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबोर्नने 73 सामने सुरू केले आणि सगळेच्या सगळे स्वतः संपवले. मोसमाअखेरीस त्याला केस विंचरायलाही हात उचलवत नसे, असे सांगतात. अशा माणसाच्या नावावर विजय मांडला तर कोणी हरकत घ्यावी?

आकडे मांडण्याची शिस्त मात्र क्रिकेटकडून आली. इंग्लंडमधल्या एक्सेटरला 1824 मध्ये जन्मलेला हेन्री चॅडविक न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. बेसबॉलकडे वळल्यावर त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर या खेळाचाही तक्ता रुजवला. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा पिचरच्या माथी मारू नयेत, हा विचारही त्यानेच पुढे रेटला. त्यातून दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी आली. नॅशनल लीगने ती 1912 मध्ये आणि अमेरिकन लीगने 1913 मध्ये अधिकृत केली. क्रिकेटच्या गोलंदाजी सरासरीची ही चुलत बहीणच.

तरीही चाहत्यांच्या तोंडी राहिले ते विजयच. साय यंगचे 511 विजय हा विक्रम अजून अबाधित आहे. सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्याचाच, पण त्याची आठवण कोण काढतो? 1956 पासून उत्कृष्ट पिचरचा पुरस्कारही त्याच्याच नावाने दिला जाऊ लागला. दरम्यान, उरलेला सामना सांभाळायला राखीव पिचर येऊ लागले होते आणि विजयाचा हिशेब चमत्कारिक झाला होता. सात इनिंग एकही धाव न देता पिचर 1-0 अशा आघाडीवर बाहेर पडतो. राखीव पिचर आठव्यात बरोबरी होऊ देतो. नवव्यात संघ पुन्हा धाव काढून जिंकतो. विजय नोंदला जातो राखीव पिचरच्या नावावर!

वाद दोन्ही बाजूंनी लढवायला उदाहरणे आहेत. 1972 मध्ये फिलाडेल्फियाने अवघे 59 सामने जिंकले, त्यातले 27 स्टीव्ह कार्लटनचे. त्याला पुरस्कार मिळाला, संघ तळालाच राहिला. 1987 मध्ये ह्यूस्टनच्या नोलन रायनची 2.76 ही सरासरी नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम होती, 270 स्ट्राइकआउटही सर्वाधिक. नावावर मात्र 8 विजय आणि 16 पराभव. पुरस्कार दुसऱ्यालाच गेला.

त्याआधी दहा वर्षे, 1977 मध्ये, कॅन्ससमधल्या बिल जेम्सने आकडेवारीची पहिली पुस्तिका स्वतःच छापून विकली होती. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता, आणि वर्तमानपत्रातले तक्ते हे त्याचे भांडवल. या परंपरेतल्या व्होरोस मॅक्क्रॅकेनने 2001 मध्ये जाहीर केलेला निष्कर्ष अधिक धक्कादायक होता: बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूचे पुढे काय होते, यावर पिचरचा ताबा फार थोडा. त्याच्या हातात मुख्यतः क्षेत्ररक्षकांचा संबंध न येणाऱ्या गोष्टी: स्ट्राइकआउट (फलंदाजाला स्वतः बाद करणे), वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) आणि होम रन. पुढच्या अभ्यासकांनी या मताला मुरड घातली, पण संघही याच चष्म्यातून पाहू लागले. 2002 मध्ये बोस्टन रेड सॉक्सने खुद्द जेम्सलाच नोकरीवर घेतले.

2010 मध्ये सिअ‍ॅटलचा फेलिक्स हर्नांडेझ 13 विजय आणि 12 पराभवांवर साय यंग पुरस्कार घेऊन गेला. 21 विजयांचा सी. सी. सबाथिया मागे पडला. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचे विजय 10 आणि पराभव 9, पण सरासरी 1.70, पहिल्या पसंतीची 30 पैकी 29 मते त्याला मिळाली. जुन्या मोजमापाचा निकाल तिथेच लागला. सामन्याच्या तक्त्याखाली विजयी आणि पराभूत पिचरची नावे मात्र आजही छापली जातात.