शिवजन्माची तारीख सापडली कशी?

फेब्रुवारी आला की कॉलेजची पोरं हमखास विचारतात, "सर, शिवजन्माची खरी तारीख कुठली? नेटवर दोन-तीन दिसतात." उत्तर एका ओळीचं आहे, पण ते शोधलं कसं ही गोष्ट जास्त कामाची आहे. प्रोजेक्ट किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७ ही तिथी सर्रास मानली जायची. आधार बखरींचा. त्यातली मल्हार रामराव चिटणिसांची प्रसिद्ध बखर महाराजांच्या निधनानंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. पुढच्यांनी तीच तिथी उचलली. दहा पुस्तकांत तेच छापलं, पण मूळ आधार काही दहा झाले नाहीत.

१९१० मध्ये वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. या मंडळींचा प्रश्न साधा होता : त्या काळात लिहून कोणी ठेवलं असेल आणि ते कागद आज कोणाच्या घरात असतील? म्हणून देशमुख-देशपांडे, कुलकर्ण्यांच्या वाड्यांतले मोडी रुमाल सोडून बघायचे.

भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली अशीच लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वार दिलेला असल्यामुळे गणित करून ताडता येतो, आणि तो जुळतो.

तरी एका कागदावर कोण विश्वास ठेवणार? पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात कवींद्र परमानंदाचं संस्कृत 'शिवभारत' सापडलं. स. म. दिवेकरांनी ते संपादित केलं आणि १९२७ मध्ये मंडळाने छापलं. परमानंद महाराजांच्या पदरचा कवी. त्याचीही तिथी तीच. जोधपूरच्या जुन्या पत्रिकांच्या संग्रहात महाराजांची पत्रिका मिळाली, तीही याच तिथीची.

कारी, तंजावर, जोधपूर. एक देशमुखाची नोंद, एक काव्य, एक पत्रिका. तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असावं असं म्हणायला जागा नाही, म्हणून या तिघांचं वजन. तरीही वाद अनेक दशकं चालला. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० अधिकृत मानली ती थेट २००१ मध्ये. आजचा तारीख की तिथी हा वाद वेगळा आहे; दिवस एकच, फक्त कॅलेंडर दोन.

आता आपण काय करतो? सर्च करतो, पहिल्या पाच लिंक उघडतो, पाचही ठिकाणी तेच दिसलं की "कन्फर्म". त्या पाच जणांनी कुठून घेतलं हे बघतच नाही. मित्रांनो, तीन गोष्टी विचारत चला. ही माहिती मुळात कोणी लिहिली? घटनेनंतर किती वर्षांनी? आणि दुसरा आधार खरंच वेगळा आहे, की पहिल्याचीच नक्कल? मंडळ सदाशिव पेठेत आहे, नेटवर अडलात तर एकदा पायरी चढून बघा.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुने मोडी कागद असतील त्यांना हात जोडून विनंती : रद्दीत घालू नका. फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. कारीच्या जेध्यांनी तो रुमाल जपला नसता, तर आपल्या हाती आज काय असतं?

तुमच्या गावात, घरात असे कागद आहेत का? कमेंटमध्ये जरूर सांगा.