चित्र आणि निवेदन : पिंगुळी ते मेढा

पडद्यावर न दिसणाऱ्या निवेदकाने चित्राला जोडून सांगितलेल्या मजकुराला आज 'व्हॉइसओव्हर' म्हटले जात असले, तरी चित्र दाखवत कथा सांगण्याची रीत महाराष्ट्रात चित्रपटाच्याही आधीची आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुटी रंगीत चित्रे एकामागून एक समोर धरून वाद्यांच्या साथीने आख्याने सांगत आले, तर कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात मुलांसह सुरू केलेल्या 'शांबरिक खरोलिके'त काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडली जात आणि निवेदन व संगीत जागेवरच होई. दोन्ही ठिकाणी सांगणारा प्रेक्षकांच्या पुढ्यातच असे.

१९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कामात सांगणारा आणि प्रेक्षक यांचे हे समोरासमोरचे नाते उरले नाही. तिचे माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भाषांत स्टुडिओत ध्वनिमुद्रित होई. साताऱ्याच्या प्रेक्षकाला देशाची माहिती मराठीतून मिळाली हे मोलाचेच. मात्र ती मराठी प्रमाण, छापील वळणाची होती आणि घाटमाथ्याच्या बोलीला तीत जागा मिळाली नाही, ही त्या व्यवस्थेची खरी उणीव होय.

पुढे संकलन संगणकावर आले आणि निवेदनासाठी स्टुडिओवाचून अडेनासे झाले. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टाइमलाइन' ही चित्र व ध्वनी कालक्रमाने मांडणारी आडवी पट्टी असते आणि तिच्यावरील प्रत्येक स्वतंत्र थराला 'ट्रॅक' म्हणतात. निवेदक ट्रॅकवरचे मायक्रोफोनचे बटण दाबतो, उलटी मोजणी संपताच चित्र चालू होते आणि त्याचे शब्द नेमक्या त्या दृश्याखाली ध्वनिलहरींच्या आकृतीत उमटत जातात; चित्रफितीचा मूळ आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून हेडफोन लावावे लागतात, पंखा बंद ठेवावा लागतो, आणि एखादे वाक्य चुकले तर तेवढेच नव्याने बोलता येते.

या सोयीमुळे घाटमाथ्याची बोलीही निवेदनात येऊ शकते आणि त्याची निकड साताऱ्याकडच्या जावळीत दिसते. वेण्णाकाठचे मेढा हे ज्या जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण, त्याच्या बामणोली खोऱ्यातील जमिनी व वस्त्या १९६० च्या दशकात कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेल्या. ते दिवस पाहिलेली माणसे आता थकली आहेत. जावळीवर चित्रफिती करणाऱ्यांनी म्हणूनच निवेदन उसन्या आवाजात न करता अशा जाणत्यांच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत घ्यावे आणि संगीत मिसळण्यापूर्वीचे मूळ ध्वनिमुद्रण वेगळे जपून ठेवावे.