चांदवडची टांकसाळ आणि सुरक्षाशिक्षणाची भाषा

सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले चांदवड हे होळकरांचे एक महत्त्वाचे ठाणे होते. रंगमहालामुळे त्याचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु श्रमाच्या इतिहासाच्या दृष्टीने येथील टांकसाळ अधिक लक्षणीय ठरते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ल्यावर सुरू झालेली ही टांकसाळ पुढे गावात आली आणि १८१८ मध्ये चांदवड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर काही वर्षांनी, १८३० च्या सुमारास, बंद पडली.

१८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरने तिच्या कामाची पद्धत नोंदवून ठेविली आहे. सुमारे ४०० कारागिरांना चांदी वाटून दिली जाई. प्रत्येकाजवळ तराजू व वजने असत आणि व्यवस्थापक ती दर आठवड्यास तपासून पाही. तुकडे वजनास उतरले म्हणजे ते ठशाकडे जात. ऐरणीसारख्या साधनाच्या खोबणीत एक जण तुकडा टाकी, दुसरा त्यावर वरचा ठसा धरी आणि तिसरा सहा पौंडांच्या हातोड्याने घाव घाली. ठसा धरणाऱ्यास गॅझेटिअरच्या रोमन लिप्यंतरानुसार ‘बटेकरी’ अशी संज्ञा होती. हे तिघे तासाला २,००० व दहा तासांच्या दिवसात २०,००० नाणी पाडीत.

या आकड्यांचा अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. तासाला २,००० घाव म्हणजे दोन सेकंदांच्या आत एक घाव. आणि प्रत्येक घावाच्या खाली बटेकऱ्याचा हात. वजनाच्या तपासणीस येथे साप्ताहिक शिस्त होती. हाताच्या रक्षणाची मात्र कोणतीही व्यवस्था या वर्णनात आढळत नाही. ते रक्षण कसबातच अंतर्भूत मानले जाई. मराठीतील ‘हात बसणे’ हा वाक्प्रचार हीच धारणा व्यक्त करितो. ज्याचा हात बसला त्याला काम आले आणि इजा टाळण्याची युक्तीही आली; दोहोंसाठी निराळे शिक्षण नाही, निराळा शिक्षकही नाही.

वाफेच्या यंत्राने ही एकरूपता मोडली. गिरणीतील पट्टा किंवा दंतचक्र हे कामगाराच्या कसबाला जुमानीत नाही. त्याला कठडाच घालावा लागतो, आणि तो घालणे हे मालकाच्या हाती असते. मुंबईत १८७५ मध्ये कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाने अधिनियम संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० अथवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. तथापि धोकादायक यंत्रांस कुंपण आणि अपघाताची वर्दी ही दोन तत्त्वे त्याने प्रस्थापित केली. तपासणीचे प्रशिक्षण घेतलेला माणूस मात्र येथे नव्हता. १८८२ मध्ये मुंबई सरकारला अहवाल देण्यासाठी मीड किंग हे निरीक्षक इंग्लंडमधून उसने आणावे लागले. पुढे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या परिशिष्टात अंगठा व बोटे यांच्या हानीचे प्रमाण ठरविले गेले. चांदवडच्या टांकसाळीत रुपयाचे वजन नोंदले जात होते. शंभर वर्षांनी बोटाचीही नोंद झाली.

भरपाई अपघातानंतरची, प्रतिबंधासाठी शिकलेली माणसे हवीत, ही जाणीव स्वातंत्र्योत्तर काळात संस्थारूपास आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमामागोमाग मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १९७६ च्या दुरुस्तीने १,००० अथवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने १९८२ मध्ये या अधिकाऱ्यांविषयी नियम केले. त्यांत अभियांत्रिकी वा तत्सम शिक्षण, प्रत्यक्ष कारखान्यातील अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका यांच्या जोडीला आणखी एक अट होती : त्या प्रदेशातील बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात, तिचे पुरेसे ज्ञान.

भाषेच्या अभ्यासकाने या अटीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. १९४८ च्या अधिनियमातही सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत असावेत, असे कलम होते. फलकाची भाषा आणि अधिकाऱ्याची भाषा या दोन्ही बाबी कायद्याने पाहिल्या. परंतु प्रशिक्षणाचे ग्रंथ व परिभाषा मुख्यतः इंग्रजीच राहिली. परिणामी भाषांतराचा भार त्या अधिकाऱ्यावरच पडतो. ‘धोका’ हा शब्द उदाहरणादाखल घ्यावा. मराठीत त्याचा प्रचलित अर्थ संकट. हिंदीत मात्र फसवणूक. उत्तरेकडील कामगार असलेल्या कारखान्यात एकट्या ‘धोका’ या फलकाने काम भागत नाही. ‘खतरा’ किंवा दोन्ही भाषांना समान असलेला ‘सावधान’ योजावा लागतो. येथे शब्दाची निवड हाच संरक्षणाचा एक उपाय होतो.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेने आणखी एक मर्यादा उघड केली. मिथिल आयसोसायनेट कारखान्याची भिंत ओलांडून वस्तीत शिरला, तेव्हा कामगाराची सुरक्षा आणि परिसराची सुरक्षा या वेगळ्या गोष्टी उरल्या नाहीत. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे आवश्यक ठरविले. माहिती द्यावयाची म्हणजे ती समजेल अशी द्यावयाची; अर्थात भाषेचा प्रश्न आता भिंतीबाहेरही आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने सुरक्षा अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या कारखान्यांत ५०० वर आणि घातक प्रक्रियांच्या ठिकाणी २५० वर आणिली. ही प्रगती निश्चितच आहे. तरी चांदवडच्या टांकसाळीचे माप तिला लावून पाहावे. ४०० कारागिरांची ती टांकसाळ, घातक प्रक्रियेत गणली गेली नसती तर, केवळ संख्येच्या कसोटीवर १९७६ च्या कायद्याच्या बाहेर राहिली असती आणि आजच्या संहितेच्याही. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक कार्यशाळा तर तिच्याहून कितीतरी लहान आहेत. तेथे पदवीधारक अधिकारी येणार नाही. तेथील शिक्षण पूर्वीप्रमाणेच जुन्या कामगाराकडून नव्याकडे जाणार. ते ज्ञान सुबोध मराठीत लिहिले जाणे, आणि शिकविणाऱ्या त्या जुन्या माणसापर्यंत पोहोचणे, हे कार्य अद्याप बाकी आहे. ठसा धरणारा हात बसलेला असला तरी घाव त्याच्या हातचा नसतो, हे बटेकऱ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.