तळटीप : १९७७ची ‘रशियन फ्लू’ची साथ

* रशियन फ्लू : सोव्हिएत संघाने नोव्हेंबर १९७७मध्ये वर्दी दिली म्हणून हे नाव, प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून उत्तर चीनमध्ये रुग्ण आढळत होते. आजारी पडले ते बहुतांशी पंचविशीच्या आतले. या साथीमागचा एच१एन१ विषाणू १९५७मध्ये माणसांतून दिसेनासा झाला होता. त्याआधी त्याची लागण होऊन गेलेली वडीलधारी मंडळी या खेपेस बचावली. फ्लूचा विषाणू वर्षागणिक बदलतो. हा मात्र १९५०च्या सुमाराच्या नमुन्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळला. वीसेक वर्षे तो माणसांत फिरत असता, तर असा जसाच्या तसा उरलाच नसता. त्यामुळे तो गोठवून ठेवलेल्या साठ्यातून बाहेर पडला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वाद उरतो तो एवढाच : प्रयोगशाळेतला निष्काळजीपणा, की जिवंत विषाणूच्या लशीची फसलेली चाचणी? १९७६मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स छावणीत ‘स्वाइन फ्लू’ निघाल्यावर एच१एन१वरील लशींच्या कामाला जोर आला होता, ही दुसऱ्या तर्काची जमेची बाजू. लेखकाने सुचवलेला जैविक अस्त्राचा तर्क मात्र पटत नाही; साथ सौम्य होती आणि निम्म्या जगाला आधीच प्रतिकारशक्ती असलेला विषाणू अस्त्र म्हणून कोण निवडेल? — संपा.