कापसाचा एकाधिकार : आधी खरेदीत, मग बियाण्यात

‘एकाधिकार’ म्हटलं की अमरावती-अकोल्याच्या जुन्या शेतकऱ्याला कंपनी आठवत नाही, सरकार आठवतं. १९७१चा कायदा आणि १९७२पासूनची कापूस एकाधिकार खरेदी. व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव पाडू नयेत, म्हणून सरकारने खरेदीचा हक्क स्वतःकडेच घेतला. अमेरिकेची वाट वेगळी होती. १८९०च्या शर्मन कायद्याखाली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९११मध्ये स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले. आपण मक्तेदारी मोडली नाही, तिचा मालक बदलला. पुढे चुकारे थकले, कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जाऊ लागला आणि या शतकाच्या सुरुवातीला योजना गळून पडली.

त्याच सुमारास, मार्च २००२मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली. आता कोंडी बियाण्याच्या टोकाला होती. कृषी केंद्रात पाकिटं अनेक कंपन्यांची, पण आतलं जनुक बहुतेक एकाच घरचं : मोन्सॅन्टो आणि आपल्या जालन्याची महिको यांच्या संयुक्त कंपनीचं. ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे ९०० रुपये नुसतं तंत्रज्ञानाचं शुल्क! २००६मध्ये याविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे गेलं ते आंध्र प्रदेश सरकार. बरं का, आंध्र. वऱ्हाडाचं दुखणं, फिर्याद त्यांची. आयोगाने शुल्क वाजवी करायला सांगितलं, आंध्रने पाकीट ७५० रुपयांवर आणलं आणि आपल्याकडेही पुढे दर उतरले.

पैसे वाचले, हे खरंच. पण भाव बांधून देणं म्हणजे मक्तेदारी मोडणं नव्हे. निवडायला दुसरं काही असावं लागतं, ते नव्हतं. २०१६मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात रेंगाळलं आणि २०२३मध्ये, पेटंटधारकाच्या वर्तनाचा प्रश्न पेटंट कायद्याखालीच पाहावा, असं सांगून न्यायालयाने ती कार्यवाही रद्द केली. तोवर केंद्राने २०२०मध्ये शुल्क शून्यावर आणलं होतं. आणि त्याआधीच, २०१७च्या हंगामात, या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी वऱ्हाडातल्या बोंडाबोंडांत शिरली होती.

जून २०१९मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं बियाणं जाहीरपणे पेरलं. त्यांचा राग कंपनीवर नव्हता, सरकारी बंदीवर होता. तो मला समजतो. मात्र या चोरट्या पाकिटाचं पक्कं बिल मिळत नाही, आणि उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार?