थोडे फटाके, पुष्कळ डोळे

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळीच्या आधी फटाक्यांची पिशवी घरात आली, की मधल्या खोलीत वर्तमानपत्र पसरून वाटणी व्हायची. हे दृश्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी पाहिलेले आहे. फुलबाज्यांची पाकिटे मोजून, भुईचक्रे सारखी, नागगोळ्या सारख्या, टिकल्यांच्या डब्या सारख्या. शेवटी एखादा नग उरलाच, तर तो धाकट्याचा. लवंगीची माळ एकदम लावून देण्याची चैन परवडत नसे. ती उसवायची, एकेक फटाका सुटा करायचा आणि उदबत्तीने एकेक उडवायचा. शंभराची माळ लावली तर मिनिटभरात संपते, सुटी केली तर भाऊबिजेपर्यंत पुरते, हे गणित शाळेत कोणी शिकवलेले नव्हते. आणि या सगळ्या वाटणीतून आई फुलबाज्यांचे एक पाकीट आणि एखादा भुईनळा गुपचूप बाजूला काढून ठेवायची, तुळशीच्या लग्नासाठी.

ही काटकसर इतकी अंगवळणी पडली आहे, की दिवाळी आणि घरोघरची फटाक्यांची पिशवी यांची जोडी अनादि काळापासूनची असावी, असे वाटते. तशी ती नाही. दिवाळीचे दिवे प्राचीन आहेत, पण दारूकाम त्या मानाने बरेच अलीकडचे. त्यातही, बेताच्या मिळकतीच्या माणसाने दुकानात जाऊन आपल्या मुलांसाठी फटाके विकत आणायचे, ही रीत सर्रास झाली ती विसाव्या शतकात.

एकाचा खर्च, गावाची करमणूक

या विषयाचा पाया घातला तो पुण्यातच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय दारूकामाचा इतिहास शोधून काढला आणि त्यांचा तो इंग्रजी निबंध १९५३ मध्ये बंगळूरहून पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाला. अत्तरापासून घोड्याच्या नालापर्यंत कशाचाही माग काढणारा हा विद्वान. त्याने प्रवाशांची वृत्ते, संस्कृत पोथ्या आणि मराठी बखरी चाळून दारूकामाचे उल्लेख गोळा केले.

त्यांतून दिसते ते असे. १४४३ मध्ये इराणचा वकील अब्दुर रझाक विजयनगरला आला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवातली आतषबाजी पाहून तो थक्क झाला. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृतीच दिल्या आहेत: सोरा, गंधक, कोळसा आणि लोखंडाचा कीस. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तही लग्नाच्या थाटात दारूकाम आले आहे. म्हणजे सोळाव्या शतकात मराठी श्रोत्याला ते कीर्तनात ऐकून समजत होते. आणि १६०९ मध्ये, इब्राहिम आदिलशहाच्या एका दरबारी सरदाराची मुलगी मलिक अंबरच्या मुलाला दिली, तेव्हा नुसत्या आतषबाजीवर सुमारे ऐंशी हजार रुपये उडाले!

या सगळ्या उल्लेखांत एक गोष्ट समान आहे. खर्च एकाचा आणि बघणारे हजार. राजा, सरदार किंवा लग्नघरचा धनी पैसे मोजतो. बाकीच्यांनी फक्त मान वर करायची.

याचा सर्वांत देखणा दाखला पेशव्यांच्या बखरीत आहे. कोट्याचा राजा दिवाळीत चार दिवस ‘दारूची लंका’ कशी करतो, याचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले. रावण, राक्षस, वानर सारे दारूचे. मारुतीच्या शेपटीला आग लावली, की तो उडत जाऊन लंकेची घरे पेटवतो. पेशव्यांना ते बघायची इच्छा झाली. पंधरा दिवसांत सिद्धता झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रात्री लंका जळाली. पेशवे सरदारांसह पर्वतीवरून पाहत होते आणि शहरातल्या लोकांनी तर तोबा गर्दी केली होती. महादजी पुण्याला आले १७९२ मध्ये आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले. बखरीवर विश्वास ठेवायचा, तर हा प्रसंग या दोन वर्षांतलाच.

त्या रात्री पुणेकरांनी पाहिलेला उजेड कसला होता, हेही सांगता येते. सोरा, गंधक, कोळसा आणि लोखंडाचा कीस यांतून निघतात त्या पिवळ्या-सोनेरी ठिणग्या. लाल, हिरवे असे गडद रंग दारूकामात आले ते एकोणिसाव्या शतकात, युरोपात पोटॅशियम क्लोरेट वापरात आल्यावर. स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी लाल, बेरियमच्या क्षारांनी हिरवा, तांब्याच्या क्षारांनी निळा. आज एखादे पोर अंगणात रंगीत पेन्सिल धरून उभे असते. तिचे रंग सवाई माधवरावांनाही पाहायला मिळालेले नव्हते.

स्वस्ताई कुठून आली?

मग राजाची ही चैन आपल्या पिशवीत कशी आली? त्याचे उत्तर तमिळनाडूतल्या शिवकाशीत आहे. पाऊस कमी, जमीन कोरडी, शेतीचा भरवसा नाही असा तो मुलूख. १९२० नंतरच्या काही वर्षांत अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद कलकत्त्याला गेले, काड्यापेट्या करायला शिकले आणि परत येऊन त्यांनी गावात कारखाना काढला. पावसाचा अभाव हा शेतीला शाप, पण काड्यापेटीला वरदान ठरला. उन्हात माल झटपट वाळे. काड्यापेटीवरून फटाक्यावर जाणे ही पुढची पायरी. तोवर परदेशी फटाके येत असत. १९४० च्या स्फोटक पदार्थ नियमांनी या धंद्याला परवान्याची चौकट दिली. महायुद्धाने परदेशी माल अडला आणि शिवकाशीची भरभराट सुरू झाली. पेट्यांवरच्या रंगीत चित्रांसाठी तिथे छापखाने निघाले आणि घरोघरच्या देवादिकांच्या कॅलेंडरांचेही ते मोठे केंद्र बनले.

फटाका स्वस्त का, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. चिमूटभर दारू, कागदाचे वेढे आणि एक वात. यंत्र फारसे लागत नाही, हात मात्र पुष्कळ लागतात. कागद गुंडाळायला, नळ्या भरायला, वात खोवायला, माळ ओवायला. माल स्वस्त करायचा, तर ते हात स्वस्त पाहिजेत. आणि सर्वांत स्वस्त हात लहान मुलांचे.

ही गोष्ट न्यायालयापर्यंत गेली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा मोडून धोक्याच्या कामावर बालक ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरावेत आणि ती रक्कम मुलांच्या कल्याण निधीत जावी, असा तो आदेश होता. कामावर मुले ठेवण्याला त्यानंतर बराच आळा बसला, पण धोका गेला नाही. ५ सप्टेंबर २०१२ रोजी, ऐन दिवाळीच्या हंगामापूर्वी, शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टीत एका कारखान्याला आग लागली आणि तीसहून अधिक माणसे गेली. आपण वर्तमानपत्रावर मांडून जी समान वाटणी करत होतो, तिच्यात न धरलेला हा एक वाटेकरी होता. आपल्याच मुलांच्या वयाचा.

हे ध्यानात येऊ लागले, तशी महाराष्ट्रातही हवा बदलली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीची संकल्पपत्रे भरून घेतली. वाचलेल्या पैशांची पुस्तके, खेळणी घ्या, असे मुलांना सांगितले. आईबापांचे न ऐकणारी मुले शाळेतून आली आणि आईबापांनाच समजावू लागली!

यंदाची पिशवी

कायद्यानेही हळूहळू वेसण घातली. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण थोड्या धक्क्यानेही पेटू शकते, म्हणून १९९२ मध्ये त्यावर बंदी आली. १९९९ मध्ये आवाजाची मर्यादा ठरली: चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजी फटाके बंद केले. २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ आखून दिली, बेरियमला मनाई केली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या ‘हरित’ फटाक्यांचा मार्ग दाखवला. त्यांची कृती बसवण्यात नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. धुरातले सूक्ष्म कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी, एवढाच त्यांचा दावा. हरित म्हणजे धूरच नाही, असे कोणी समजू नये.

मग ज्याचा खिसा बेताचा आहे आणि मुले तर हट्ट धरून बसली आहेत, त्याने काय करावे? इतिहास काही शहाणपण देतो. पहिले, छापील किंमत आणि ‘भरघोस सूट’ यांना भुलू नये. फटाक्याच्या पेटीवरची किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत एरवीच इतके अंतर असते, की सूट हा शब्द पोकळ ठरतो. दोन दुकाने हिंडून नगाचा भाव काढावा. दुसरे, परवाना नसलेला, नाव-पत्ता नसलेला माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. बंदी घातलेले स्वस्त मिश्रण असते ते अशाच मालात. तिसरे, आवाजात पैसा घालू नये. बाँब क्षणात संपतो, तेवढ्याच पैशांत आलेल्या फुलबाज्या पोरे संध्याकाळभर पुरवतात. मात्र शेजारी पाण्याची बादली हवी, अंगात सुती कपडे हवेत आणि सकाळी फुसके फटाके वेचून मोडण्याचा आपला लहानपणचा पराक्रम मुलांना शिकवू नये.

आणि चौथे, पर्वतीच्या पायथ्याचे. वाड्यात, चाळीत, सोसायटीत वीस बिऱ्हाडे असतील, तर वीस पिशव्या कशाला? प्रत्येकाने यंदाच्या खर्चाचा चौथा हिस्सा काढावा, चांगले पाच-सहा भुईनळे आणि थोडी भुईचक्रे आणावीत, एका ठरल्या वेळी एका जाणत्याने लावावीत आणि सगळ्यांनी मिळून बघावीत. पिशवी वीस घरांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. भुईनळ्याचे झाड मात्र वीस घरांनी पाहिले तरी कमी होत नाही. पेशव्यांच्या तिजोरीची त्याला गरज नाही आणि ज्या मुलाच्या घरी यंदा पिशवी येणारच नाही, त्यालाही मान वर करून ते बघता येते.

त्यातला एक भुईनळा तेवढा बाजूला काढून ठेवावा. तुळशीचे लग्न अजून व्हायचे आहे.